आवाज येतो, पण चित्र दिसत नाही: टीव्ही भंगारात काढण्यापूर्वी

पडदा काळा पडला की पॅनेल (म्हणजे चित्र उमटवणारा पडद्याचा मुख्य भाग) गेले आणि पॅनेल गेले की टीव्ही संपला, हा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यापायी दुरुस्त होण्याजोगे संच भंगारात जातात, याचे मनापासून वाईट वाटते. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात आणि बऱ्याच संचांत त्या साखळीने जोडलेल्या असल्यामुळे एक दिवा जळाला तरी सगळी ओळ विझू शकते. खोलीत अंधार करून, संच चालू ठेवून, पडद्यावर विजेरी तिरकी धरून पाहावे: पुसट चित्र हलताना दिसले, तर पॅनेल बहुधा शाबूत असून बिघाड मागच्या प्रकाशात किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या भागात आहे. (ओएलईडी संचाला ही कसोटी लागू नाही, कारण त्यात मागचा प्रकाशच नसतो.) संच सुरूच होत नसेल, तर पॉवर बोर्डावरील (संचाला वीज पुरवणाऱ्या पट्टीवरील) माथा फुगलेला कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग, हे नेहमी आढळणारे कारण आहे, तो बदलता येतो, मात्र प्लग काढल्यानंतरही तेथे विद्युतभार साठून राहू शकत असल्याने मागचे झाकण जाणकारानेच उघडावे. पडद्याला तडा गेला असेल, तर मात्र नवा संच घेणेच बहुधा परवडते, कारण संचातील सर्वांत महाग भाग पॅनेलच असतो.