वस्तीच्या आरोग्य प्रकल्पासाठी अनुदान: पुण्यातल्या गटांनी अर्ज कसा करावा

येरवडा, ताडीवाला रस्ता, जनता वसाहत. शहराच्या मधोमध असलेल्या या वस्त्यांना दवाखाने काही फार लांब नाहीत. तरीही धुणीभांडी करणाऱ्या बाईचा रक्तदाब वर्षानुवर्षं कुणी मोजलेला नसतो, कारण ओपीडी सकाळची आणि तिची चार घरंही सकाळचीच. ही अडचण नेमकी कुठे आहे हे तिला जितकं ठाऊक असतं तितकं कुणालाच नसतं. म्हणून उपाय वस्तीनेच ठरवावा आणि त्याला पैसा मिळावा, असं मला मनापासून वाटतं. पण वस्तीतले गट अर्जापर्यंत पोचायच्या आधीच कागदपत्रांपाशी अडतात. ही माहिती त्यांच्यासाठी.

नोंदणी नसेल तर

"आपली संस्थाच नाही, आपल्याला कोण पैसे देणार?" हे वाक्य बैठकांमध्ये फार ऐकलंय. नोंदणी नसलेल्या गटालाही वाट आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात महिला आरोग्य समितीची तरतूद आहे: साधारण 50 ते 100 घरांमागे एक समिती, सोबत आशाताई, समितीच्या नावाचं बँक खातं आणि वर्षाला 5,000 रुपये अबंधित निधी. अबंधित म्हणजे तो वस्तीच्या आरोग्यासाठी नेमका कशावर खर्चायचा, हे समितीने बैठकीत ठरवायचं. रक्कम छोटी आहे, पण त्यातून ठराव, इतिवृत्त, पावत्या यांची सवय लागते आणि पुढे मोठा अर्ज करताना दाखवायला हाच पहिला पुरावा होतो. आपल्या वस्तीत समिती आहे का, हे आशाताईंना किंवा नागरी आरोग्य केंद्रात विचारा. समिती कागदावर आहे पण सदस्यांनाच ते माहीत नाही असं निघालं, तर आधी तिची बैठक लावून घ्या.

ग्रामीण भागात हेच काम ग्राम आरोग्य समिती करते. आंबेगाव, जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यातल्या पेसा (अनुसूचित आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळतो. त्यातला काही आरोग्यावर खर्च करण्याचा ठराव ग्रामसभेत मांडता येतो. पुणे महापालिकेत 2006 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत आहे. ठरलेल्या मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन काम सुचवायचं. पैसा गटाच्या हातात येत नाही, पण स्वच्छतागृहाची दुरुस्ती किंवा सांडपाण्याची वाहिनी यांसारखी कामं मागता येतात. ती आरोग्याचीच कामं आहेत.

तिसरी वाट म्हणजे नोंदणीकृत संस्थेसोबत अर्ज करणं. इथे लेखी करार हवाच: निर्णय कोण घेणार, मानधन कुणाला, माहिती कुणाच्या मालकीची. आणि एक धोका लक्षात ठेवा. त्या संस्थेचा पैसा परदेशी देणगीचा असेल, तर परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या संस्थेला किंवा गटाला पुढे देता येत नाही. खर्च त्या संस्थेनेच आपल्या खात्यातून करायचा असतो. हे न कळता "पैसे वळते करू" असं तोंडी ठरवलं, तर दोघंही अडचणीत येतात.

नोंदणी असेल तर

महाराष्ट्रात बहुतेक संस्था 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली (किमान 7 सदस्य) आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची, नफा न वाटणारी कंपनी हा वेगळा मार्ग. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना (नियमावली), संस्थेचा पॅन, बँक खातं, मागच्या 3 वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि आयकर विवरणपत्रं, हा संच एकाच फाइलमध्ये स्कॅन करून ठेवा. केंद्राच्या मंत्रालयाकडे अर्ज करायचा तर नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा (स्वयंसेवी संस्थांची ऑनलाइन नोंद) क्रमांक लागतो, त्यासाठी पदाधिकाऱ्यांचे पॅन आणि आधार जवळ हवेत.

पण खरी गाठ असते शेड्यूल एकच्या उताऱ्यात, म्हणजे धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या, विश्वस्तांची नावं असलेल्या उताऱ्यात. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. अनेक संस्था तो देत नाहीत, किंवा दिलेला पडून राहतो आणि कुणी पाठपुरावा करत नाही. आमचा एक अर्ज एवढ्यावरूनच परत आला होता. जुन्या अध्यक्षबाई वारल्या होत्या, अर्जावर नव्या अध्यक्षांची सही होती आणि उताऱ्यावर मात्र जुनंच नाव. प्रकल्प चांगला होता, वस्ती तयार होती, आणि ते वर्ष हातचं गेलं. म्हणून अनुदानाची जाहिरात येण्याची वाट न पाहता हा उतारा आजच काढा.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीचे नियम वेगळे आहेत. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार, 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक अट लागू होणाऱ्या कंपनीला मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. चाकण, रांजणगाव, हिंजवडी जवळ असलेल्या पुण्यातल्या गटांना याचा फायदा आहे. संस्थेकडे 12 ए (संस्थेला करसवलत) आणि 80 जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखली जाणारी आयकर नोंदणी, कामाचा 3 वर्षांचा अनुभव, आणि 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्यावर सीएची किंवा कंपनी सेक्रेटरीची डिजिटल सही लागते. एक गैरसमज नेहमी भेटतो: प्रशासकीय खर्चाची 5 टक्के मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खर्चाला आहे, तुमच्या प्रकल्पातल्या कार्यकर्त्यांच्या मानधनाला नाही. कुणी तसं सांगून मानधन कापायला लावलं, तर नम्रपणे नियम दाखवा.

अर्जात काय लिहायचं

"वस्तीत जनजागृती करू" हे वाक्य कृपया लिहू नका. कोण वगळलं जातंय आणि का, ते लिहा. कचरावेचक बायकांच्या हाताला जखमा होतात पण धनुर्वाताचं इंजेक्शन वेळेवर मिळत नाही, असं तुमच्या बैठकीत निघालं असेल, तर ते तारखेसकट लिहा, किती जणी हजर होत्या तेही. उपाय त्यांनी काय सुचवला, कुठला नाकारला, हेही येऊ द्या. समुदायाचा सहभाग सांगून पटत नाही, हजेरीपट आणि ठरावाच्या प्रतीने पटतो.

अंदाजपत्रकात वस्तीतल्या कार्यकर्तीचं मानधन शून्य दाखवणं हा अन्याय आहे. बैठकीसाठी तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते, ती भरून द्या. प्रवास, पाळणाघर, दुभाषी हेही खर्चच आहेत. काम पाहणी किंवा अभ्यासाचं असेल, तर नैतिकता समितीची (अभ्यासात लोकांना इजा किंवा फसवणूक होत नाही ना, हे तपासणारी समिती) मान्यता आणि तिचा वेळ आधीच धरा. लोकांची संमती त्यांच्या भाषेत घ्या. आजार, गर्भपात, एचआयव्ही अशी माहिती फोटोंसोबत कधीही बाहेर जाऊ देऊ नका, देणगीदाराने मागितली तरी.

मंजुरीनंतर

सरकारी अनुदानासाठी वेगळं खातं ठेवा. उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) दिल्याशिवाय पुढचा हप्ता सहसा सुटत नाही. पावत्या महिन्याच्या महिन्याला लावा, मार्चमध्ये जमवायला बसू नका. हिशेब देणगीदाराला जातो तसा वस्तीतही वाचून दाखवा, शक्यतो संध्याकाळी सातनंतर, कामावरून सगळ्या परतल्यावर. तिथे विचारले गेलेले प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्या आणि ते पान पुढच्या अर्जाला जोडा.