कुंपणालगतचा अशोक आणि भाचीचा प्रबंध

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या कुंपणालगत अशोकाची रांग आहे. पंचवीस वर्षं मी तिला अशोकच म्हणत आले. परवा भाचीने त्याचं एक पान तोडलं, बोटांत चुरगळलं आणि म्हणाली, "मावशी, औषधासाठी हा अशोक चालत नाही."

भाची नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात आयुर्वेदाची एम.डी. करते आहे, विषय द्रव्यगुण, म्हणजे औषधी द्रव्यांचा अभ्यास. साडेचार वर्षं बीएएमएस ही आयुर्वेदाची पदवी, एक वर्ष इंटर्नशिप, मग प्रवेश परीक्षा आणि आता तीन वर्षं हे. रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडते. शेजारीपाजारी विचारतात, आता आणखी काय शिकते? ग्रंथ तर पाठ झाले असतील! ग्रंथ आहेतच. पण पहिल्याच वर्षी संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र शिकावं लागतं, आणि प्रबंधाचा आराखडा नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावा लागतो. मला तरी हा या शिक्षणाचा सगळ्यात मोलाचा भाग वाटतो, आणि बाहेर त्याचीच सगळ्यात कमी माहिती आहे.

आधी अशोकाचं सांगते. कुंपणाशी उभा असतो तो उंच, सरळसोट, लांब पानांचा पॉलिअल्थिया. तो सीताफळाच्या कुळातला. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधात लागते ती सीता-अशोकाची साल. ते झाड शेंगा धरणाऱ्या कुळातलं, केशरी-लाल फुलांचे घोस लगडणारं. दोघांचं जवळचं नातं काहीच नाही, नाव तेवढं एक. सीता-अशोक रानात कमी होत चालला आहे आणि सालीला मागणी मोठी, त्यामुळे बाजारात कुंपणाच्या अशोकाची साल त्याच्या नावावर खपते. वाळलेल्या सालीचे तुकडे झाले की ओळख पटवणं अवघड, आणि पूड झाल्यावर नुसत्या डोळ्यांना काहीच कळत नाही.

मग प्रयोगशाळा लागते. शाळेत आपण फिल्टर पेपरवर शाईचा ठिपका ठेवून कागदाचं टोक पाण्यात बुडवायचो आणि शाईतले रंग वेगळे व्हायचे, तसंच हे. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर सालीच्या अर्काचा ठिपका ठेवतात. खालून द्रावक चढू लागतो आणि अर्कातले घटक आपापल्या वेगाने वर सरकतात. पट्टी अतिनील प्रकाशात धरली की वेगवेगळ्या उंचीवर पट्टे उमटलेले दिसतात, जणू त्या वनस्पतीच्या बोटांचे ठसे. शेजारी अस्सल सालीचे पट्टे ठेवायचे आणि ताडून बघायचे. ठाण्यातल्या आणि वाशीतल्या काष्ठौषधीच्या दुकानांतून आणलेल्या पुड्यांवर भाची सध्या हेच करते आहे.

हे काम किती गंभीर आहे ते गुळवेलीने दाखवलं. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वेल खरोखर गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. आक्षेप रास्त होता. पण त्याने प्रश्न मिटत नाही, उलट वाढतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या रानातून किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली वेल कोणती, हे आपल्यातल्या किती जणांना सांगता येईल?

वनस्पती अस्सल निघाली तरी अर्धंच काम होतं. ती लागू पडते का, हे कसं ठरवायचं? गुडघा सर्वांत जास्त ठणकतो तेव्हाच माणूस वैद्याकडे जातो. अशा दुखण्याला चढउतार असतातच, त्यामुळे काहीही न घेता पुढच्या महिन्यात थोडं बरं वाटण्याची शक्यता बरीच असते. त्यात कोणीतरी नाडी पाहिली, वेळ देऊन ऐकून घेतलं, त्याचाही गुण येतो. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट हवा, आणि कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायला हवं.

इथे आयुर्वेदवाले म्हणतात, आमचं औषध प्रकृतीनुसार बदलतं, एकच गोळी सगळ्यांना देऊन तपासता कसं येईल? वर्षानुवर्षं मला हा युक्तिवाद बिनतोड वाटायचा. मग भाचीने कोइमतूरच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे ४३ रुग्ण, ३६ आठवडे. एका गटाला आयुर्वेदिक औषधं, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट हे या आजारावरचं ॲलोपॅथीचं औषध, तिसऱ्याला दोन्ही. वैद्याने प्रत्येकाला तपासून त्याच्या प्रकृतीप्रमाणे औषधं लिहून दिली. मात्र हातात खरं औषध पडतंय की हुबेहूब दिसणारं बिनऔषधाचं, हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि वैद्यालाही. तिन्ही गटांतली सुधारणा साधारण सारखीच आली. रुग्ण इतके थोडे होते की त्यावरून दोन्ही उपचार तुल्यबळ आहेत असं म्हणता येत नाही, आणि तो अभ्यास प्राथमिकच होता. पण प्रकृतीनुसार दिलेली औषधंही अशी तपासता येतात, हे त्याने करून दाखवलं. माझ्या मते तेवढ्यासाठी तो प्रत्येक वर्गात शिकवला जावा.

असे प्रयोग भारतात सुरू करण्यापूर्वी २००७ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय नोंदणीत नोंदवतात. कोणती गोष्ट मोजणार, किती रुग्ण घेणार, हे आधीच जाहीर झालं की नंतर जे आकडे बरे दिसतात तेवढेच पुढे करता येत नाहीत.

भाचीची मैत्रीण कायचिकित्सेत, म्हणजे रुग्णांवर औषधोपचार करण्याच्या शाखेत आहे आणि तिचा प्रबंध गुडघेदुखीवरच आहे. दोन गट, एकसारख्या दिसणाऱ्या कॅप्सूल. कोणती कुठली ते सांगणारं पाकीट सीलबंद, तिच्या मार्गदर्शकांच्या कपाटात. गेल्या आठवड्यात ऐरोलीहून येणाऱ्या एका काकूंनी तिला विचारलं, "मला बरं वाटतंय गं. म्हणजे मला खरं औषध मिळतंय ना?"

"मलाही माहीत नाही, काकू," ती म्हणाली. मग तिने त्यांना नेहमीप्रमाणे विचारलं, दहापैकी आज किती दुखतंय, आणि वहीत लिहिलं, चार.