लिफ्ट किट आणि मोठे टायर: आरटीओत काय चालतं, काय नाही आणि कागद कोणते लागतात

थार, जिम्नी किंवा गुरखा घरी आली की पावसाळ्याच्या तोंडावर लिफ्ट किटची, म्हणजे गाडी जमिनीपासून उंच करणाऱ्या साहित्याची, चौकशी सुरू होते. ‘दोन इंचाचं बसवा, आरसीवर चढवून देतो’ असं कुणी सांगितलं तर पैसे देऊ नका. खासगी गाडी हौसेखातर उंच करून घेण्याची सोय मोटार वाहन कायद्यात नाही.

मोटार वाहन कायदा, 1988 मधलं कलम 52 सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल, असा फेरफार मालकाने करू नये. फेरफार कशाला म्हणायचं तेही त्याच कलमात आहे: गाडीच्या रचनेतला असा बदल, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. झिजलेला शॉकअब्झॉर्बर काढून त्याच मापाचा बसवणं ही दुरुस्ती झाली. स्पेसर (स्प्रिंगला उंची देणारा तुकडा) किंवा उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचलणं ही रचनेत ढवळाढवळ आहे. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये कलम 52 चा हाच कडक अर्थ लावला. कलम 182अ (4) नुसार बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

हा नियम मला जाचक वाटत नाही. प्रत्येक मॉडेल बाजारात येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं. ब्रेक आणि स्टिअरिंग तिथे पास होतात ते ठरलेल्या उंचीवर, ठरलेल्या टायरवर. जिम्नीला पुढे-मागे दोन्ही चाकांना जोडणारे सलग अ‍ॅक्सल आहेत; ती उचलली की कॅस्टर कोन (स्टिअरिंग सरळ ठेवणारा पुढच्या चाकांचा कल) बदलतो आणि पॅनहार्ड रॉडमुळे (अ‍ॅक्सलला चेसिसशी आडवं बांधणारी दांडी) अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, तिथे ताण चाकांना ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटवर येतो. गुरुत्वमध्य वर जातो तो दोन्हींत, आणि घाटातल्या वळणावर ते जाणवतं.

मग फेरफाराला पात्र कोण? मान्यताप्राप्त सीएनजी, एलपीजी किंवा विजेचं किट बसवणारे, दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेणारे, आणि केंद्र सरकारने विशिष्ट कारणासाठी सूट दिलेली वाहनं. अशा फेरफारासाठी राहत्या ठिकाणच्या आरटीओकडे अर्ज, आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखपत्र, किटचं मान्यतापत्र आणि बिल तयार ठेवा. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेची लेखी संमती आधी घ्या. पूर्वमंजुरीशिवाय फेरफार झाला असेल तर तो 14 दिवसांत कळवावा लागतो; पण कळवलं म्हणजे मुळात नामंजूर असलेला बदल मंजूर होत नाही.

टायरच्या बाबतीत मात्र थोडी मोकळीक आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळची टायरच्या मापाची पट्टी आणि मालक पुस्तिका बघा. तुमच्याच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हेरियंटना उत्पादकाने कोणती मापं दिलीत ते शोधा. थार 245/75 आर16 आणि 255/65 आर18 अशा दोन मापांत विकली गेली आहे. पहिल्याचा व्यास साधारण 774 मिमी, दुसऱ्याचा 789. आता कुणी 285/65 आर18 सुचवेल. त्याचा व्यास 828 मिमी भरतो, म्हणजे 789 पेक्षा जवळपास पाच टक्के जास्त. स्पीडोमीटर 80 दाखवेल तेव्हा गाडी पूर्वीच्या हिशेबाने 84 ने धावत असेल, ब्रेकला जास्त जोर लागेल, आणि एवढं करून अ‍ॅक्सलखालची जागा वाढेल जेमतेम 20 मिमी. त्यापेक्षा मंजूर मापातच चांगला ऑल-टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर घ्या. चिखलात पकड वाढते ती मुख्यतः ट्रेड (टायरवरच्या खाचा) आणि हवेच्या दाबामुळे.

घेताना टायरवर आयएसआय खूण आहे का ते पाहा. भारांक (टायर किती वजन पेलतो) आणि वेगचिन्ह (किती वेग सोसतो) मूळ टायरपेक्षा कमी नको. भारांक 104 म्हणजे एका टायरवर 900 किलो. क्यू चिन्ह म्हणजे ताशी 160 किमी. बऱ्याच मड टायरना क्यूच असतं, म्हणून पट्टीशी ताडून बघा. मंजूर मापासाठी आरटीओत जावं लागत नाही. तरी माप लिहिलेलं बिल आणि हे माप तुमच्या गाडीला चालतं असं अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून आलेलं पत्र किंवा ईमेल जपून ठेवा, आणि विमा कंपनीला लेखी कळवा. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर टायर बघतोच.

गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या ऑफ-रोड स्पर्धेच्या नियमांत बसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आपोआप वैध ठरत नाही.

आधीच उंच केलेली सेकंडहँड गाडी घेत असाल तर मालकी बदलाच्या नमुना 29 आणि 30 वर सह्या होण्याआधी ती मूळ रूपात आणून देण्याची अट विक्रेत्याला लेखी घाला. मूळ स्प्रिंग, शॉकअब्झॉर्बर आणि चाकं त्याच्याकडे आहेत का ते विचारा. नसतील तर त्यांची किंमत सौद्यातून वजा करा.