प्रोसेसर बॉटलनेक

ग्राफिक्स कार्डात आणखी फ्रेम, म्हणजे पडद्यावर लागोपाठ दिसणारी चित्रे, काढण्याची ताकद शिल्लक असते, पण प्रोसेसरकडून पुढच्या फ्रेमचे काम वेळेत येत नाही आणि कार्ड रिकामे बसून राहते. गेमिंग संगणकातील या स्थितीला प्रोसेसर बॉटलनेक म्हणतात. स्वस्त प्रोसेसर आणि दमदार कार्ड अशी जोडी जमवताना हा प्रश्न हमखास पुढे येतो आणि विचारणाऱ्याला बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर हवे असते. तसे उत्तर नसते. कोणता गेम आहे, तो किती रिझोल्यूशनवर आणि कोणत्या सेटिंगवर चालवायचा आहे, सेकंदाला किती फ्रेम हव्या आहेत, यावर सारे ठरते. एकाच गेममध्ये मोकळ्या माळरानावर कार्ड अपुरे पडते आणि गजबजलेल्या शहराच्या वेशीतून आत शिरताच प्रोसेसर अपुरा पडू लागतो.

एका फ्रेमचे काम

फ्रेम दोन टप्प्यांत तयार होते. पहिला टप्पा प्रोसेसरचा. माउस आणि कीबोर्डवर काय दाबले गेले ते वाचणे, पात्रांच्या हालचाली आणि शत्रूचे निर्णय ठरवणे, वस्तूंच्या टकरी मोजणे, कॅमेऱ्याच्या टप्प्यात काय येते ते निवडणे आणि त्या प्रत्येक वस्तूसाठी ‘हे काढ’ असा आदेश म्हणजे ड्रॉ कॉल तयार करणे. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, हे आदेश कार्डाला समजतील अशा रूपात आणतो, आणि ड्रायव्हरही प्रोसेसरवरच चालतो. दुसरा टप्पा कार्डाचा: त्रिकोण मांडणे, पिक्सेल रंगवणे, सावल्या, प्रकाश, धूसरपणा.

दोन्ही टप्पे एकाच वेळी चालू असतात. कार्ड एक फ्रेम काढत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमच्या तयारीला लागलेला असतो. त्यामुळे फ्रेम रेट दोघांच्या वेळेच्या बेरजेवर ठरत नाही, दोघांपैकी जो मंद त्याच्यावर ठरतो. समजा प्रोसेसरला एका फ्रेमसाठी १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला ६. सेकंदाला १०० फ्रेम मिळतील आणि कार्ड दर फ्रेममागे ४ मिलिसेकंद हातावर हात ठेवून बसेल. त्या जागी ३ मिलिसेकंदांत काम उरकणारे कार्ड लावले तरी फ्रेम १००च राहतील. आता उलटे करून पाहावे. जुनेच कार्ड ठेवून चित्राचा दर्जा इतका वाढवला की कार्डाला १० मिलिसेकंद लागावेत, तरीही फ्रेम साधारण तेवढ्याच मिळतात. चित्र मात्र अधिक देखणे झालेले असते. या विषयातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे आणि नेमकी तीच फार थोड्या लोकांना माहीत असते: रिकामे बसलेले कार्ड वाया जाऊ द्यायचे की त्याच्याकडून काम करून घ्यायचे, हे बरेचसे वापरणाऱ्याच्या हातात असते.

किती फ्रेम हव्यात हाही हिशेबाचाच भाग आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर पुरेपूर वापरायचा तर ६.९४ आणि २४० हर्ट्‌झसाठी जेमतेम ४.१७. जो प्रोसेसर ६० फ्रेमना पुरून उरतो, तोच २४० फ्रेमच्या मागणीपुढे हात टेकतो. म्हणून स्पर्धात्मक नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याने प्रोसेसरवर खर्च करण्यात हात आखडता घेऊ नये. कथेचे गेम ६० फ्रेमवर निवांत खेळणाऱ्याला मात्र स्वस्त प्रोसेसरची धास्ती बाळगण्याचे फारसे कारण नाही.

रिझोल्यूशन आणि अपस्केलिंग

१९२० × १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि ३८४० × २१६० म्हणजे फोर-केवर ८२.९ लाख. रिझोल्यूशन वाढले की कार्डाचे काम वाढते. प्रोसेसरचे काम मात्र जवळपास होते तेवढेच राहते, कारण शत्रू किती आणि कुठे पळणार हे पिक्सेलवर अवलंबून नसते. फोर-केवर बॉटलनेक दिसत नाही असे म्हणतात ते यामुळेच. तिथेही प्रोसेसर जलद झालेला नसतो, कार्ड मंदावलेले असते इतकेच.

अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर काढलेले चित्र मोठे करून दाखवण्याचे तंत्र, आल्यापासून हा ठोकताळा जपून वापरावा लागतो. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या अपस्केलिंगच्या ‘क्वालिटी’ पर्यायात फोर-के चित्र आतून २५६० × १४४० वर काढले जाते आणि ‘परफॉर्मन्स’ पर्यायात १९२० × १०८० वर. मॉनिटर फोर-के असला तरी प्रोसेसरपुढे उभी राहणारी मागणी कमी रिझोल्यूशनसारखी असते. प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र काढणाऱ्या रे ट्रेसिंगचीही अशीच छुपी बाजू आहे. त्याचा भार कार्डावर पडतो हे सर्वांना ठाऊक असते, पण हलणाऱ्या वस्तूंची रचना दर फ्रेमला अद्ययावत ठेवण्याच्या कामात प्रोसेसरचाही वेळ जातो. त्यामुळे रे ट्रेसिंग चालू करून अपस्केलिंगने फ्रेम भरून काढायला गेले की कधी कधी अडचण कार्डाकडून सरकून प्रोसेसरपाशी येते.

स्वस्त म्हणजे नेमके काय कमी

किंमत पाहून प्रोसेसरची कुवत ठरवणे हा सर्रास केला जाणारा आणि फसवा उद्योग आहे. पैसे कमी घेताना कंपनीने नेमके काय कापले आहे ते पाहिले पाहिजे.

कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची, संख्या एका उंबरठ्यापर्यंत निर्णायक असते. २०१४ साली आलेला इंटेलचा पेंटियम जी३२५८ दोन कोअर आणि दोन थ्रेडचा (एका वेळी चालू शकणाऱ्या कामाच्या दोन धाग्यांचा) होता. तो ओव्हरक्लॉक करता येई, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवता येई, म्हणून हौशी लोकांत लोकप्रिय झाला. पण त्याच वर्षीचा ‘फार क्राय ४’ त्याच्यावर काळ्या पडद्यापाशीच अडकत असे, कारण गेमला चार थ्रेड हवे होते. उंबरठा ओलांडल्यावर मात्र कोअर वाढवून मिळणारा लाभ झपाट्याने घटतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला नियम इथे लागू पडतो: कामाचा ४० टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही कोअर लावा, वेग अडीच पटीपलीकडे जात नाही. गेमचा मुख्य थ्रेड हा असाच न वाटता येणारा भाग असतो. २०२० च्या ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये डेव्हलपर मोड लावला की ‘मेन थ्रेडमुळे मर्यादित’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. ती विकासकांनीच दिलेली असल्याने गेम कुठे अडला आहे याबद्दल तर्क करत बसावे लागत नाही.

कॅशचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण जलद मेमरीचे, महत्त्व यापेक्षाही जास्त आहे आणि खरेदीच्या वेळी त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. मे २०२० मध्ये एएमडीने रायझन ३ ३१०० आणि रायझन ३ ३३००एक्स हे दोन स्वस्त प्रोसेसर आणले. किंमत ९९ आणि १२० डॉलर. दोन्हीत चार कोअर, आठ थ्रेड आणि १६ एमबी एल३ (तिसऱ्या पातळीची) कॅश. पण ३१०० मध्ये कोअर दोन-दोनच्या गटांत विभागलेले आणि प्रत्येक गटाला ८ एमबी कॅश. ३३००एक्स मध्ये चारही कोअर एकाच गटात आणि सगळी १६ एमबी त्यांना खुली. ३१०० मध्ये एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाकडची माहिती हवी असली की लांबचा फेरा पडतो. घड्याळाचा, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांचा, वेग सारखा ठेवून चाचणी घेतली तरी गेममध्ये ३३००एक्स पुढे राहिला. तपशिलाच्या तक्त्यात हा फरक कुठेच दिसत नव्हता. दोन वर्षांनी रायझन ७ ५८००एक्स३डी ने हीच गोष्ट वरच्या पातळीवर ठसवली: कमाल वेग ५८००एक्स पेक्षा कमी, पण एल३ कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी, आणि गेममध्ये वेग स्पष्ट जास्त.

तिसरी कपात पीसीआय एक्स्प्रेस लेनची, म्हणजे प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या मार्गिकांची. रायझन ५ ५५०० मध्ये या जोडणीची तिसरी पिढी आहे, तर रायझन ५ ५६०० मध्ये चौथी. सोळा लेनच्या कार्डाला याचा उपद्रव किरकोळ होतो. पण जानेवारी २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी केवळ चार लेन वापरते आणि त्यात मेमरी ४ जीबीच आहे. मेमरी भरली की कार्ड मुख्य रॅमकडे धाव घेते, आणि तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर ती वाट सेकंदाला सुमारे ४ जीबीचीच उरते. म्हणजे स्वस्त कार्डाची सर्वांत जास्त कोंडी स्वस्त प्रोसेसर किंवा जुना मदरबोर्डच करतो. रायझन ५ ८५००जी मध्ये तर कार्डासाठी मुळात चारच लेन ठेवल्या आहेत. पुढे मोठे कार्ड लावण्याचा विचार असेल त्याने हे आधीच पाहून घ्यावे.

ड्रायव्हर आणि गेमची घडण

२०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन ही गेम आणि ड्रायव्हर यांना जोडणारी सॉफ्टवेअर आल्यावर ड्रॉ कॉल तयार करण्याचे काम अनेक कोअरवर वाटता येऊ लागले आणि स्वस्त पण जास्त कोअरच्या प्रोसेसरना दिलासा मिळाला. तरी प्रत्येक कार्डाचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून सारखेच कष्ट मागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेल आर्क बी५८० च्या पहिल्या चाचण्या वेगवान प्रोसेसरवर झाल्या आणि कार्डाचे कौतुक झाले. काही आठवड्यांनी रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरवर चाचण्या घेतल्या गेल्या, तेव्हा अनेक गेममध्ये त्याचा वेग प्रतिस्पर्धी कार्डांच्या तुलनेत बराच जास्त कोसळला. हे कार्ड स्वस्त संगणकासाठीच होते, म्हणून ही बाब जास्त लागणारी होती. कार्डाची चाचणी वाचताना ती कोणत्या प्रोसेसरवर घेतली आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

कन्सोलचाही या साऱ्याशी जवळचा संबंध आहे. २०१३ चे प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आठ जग्वार कोअरवर चालत. ते कोअर संख्येने भरपूर पण अगदीच अशक्त होते. प्लेस्टेशन ४ मध्ये त्यांचा वेग १.६ गिगाहर्ट्‌झ होता. त्या यंत्रांवर चालावेत म्हणून बांधलेले गेम साध्या डेस्कटॉप प्रोसेसरनाही झेपत. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आठ झेन २ कोअर घेऊन आले, आणि निर्मात्यांनी ती वाढीव ताकद गर्दी आणि मोठ्या शहरांसाठी वापरायला सुरुवात केली. चार कोअरच्या प्रोसेसरचे दिवस सरले ते यामुळे. ‘बाल्डर्स गेट ३’च्या तिसऱ्या अंकातले शहर याचा ठळक नमुना आहे, तिथे रिझोल्यूशन कमी करून फारसे काही हाती लागत नाही.

बॉटलनेक ओळखणे

कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर मर्यादा कार्डाची. तो बराच खाली असेल आणि फ्रेम रेटवर व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) किंवा अन्य मर्यादा लावलेली नसेल, तर संशय प्रोसेसरवर. इथे प्रोसेसरच्या एकूण वापराचा आकडा दिशाभूल करतो. सहा कोअर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एकच थ्रेड पूर्ण तुंबलेला असेल तर एकूण वापर ८ टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि ‘प्रोसेसर तर निवांत आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पाणी कुठे मुरते आहे ते पाहायचे तर रिझोल्यूशन खाली आणावे. फ्रेम वाढल्या नाहीत तर दोष कार्डाचा नाही.

सरासरी फ्रेम रेटवर विसंबूनही चालत नाही. स्कॉट वॉसन यांनी २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’वर प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ मोजून दाखवला, आणि सरासरी चांगली असूनही गेम अडखळत का चालतो याचा उलगडा होऊ लागला. दुबळा प्रोसेसर बहुतेक वेळा आधी याच अडखळण्यातून जाणवतो. हल्ली सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेगळा आकडा देतात तो यासाठी. इंटेलच्या प्रेझेंटमॉन या मोफत साधनात २०२३ पासून दर फ्रेमला कार्ड किती वेळ कामात होते हेही दिसते. फ्रेमचा एकूण वेळ आणि तो वेळ यांत मोठी तफावत असेल तर उत्तर मिळालेच. दोन भागांची नावे टाकली की बॉटलनेकची टक्केवारी सांगणारी कॅल्क्युलेटर मात्र बाजूला ठेवावीत. गेम, रिझोल्यूशन आणि सेटिंग न मोजता काढलेल्या एका टक्केवारीला काही अर्थ नाही.

उपाय

गर्दीची घनता, दूरवरचे दृश्य, रे ट्रेसिंग या सेटिंग कमी केल्याने प्रोसेसरचा भार उतरतो. टेक्श्चरचा, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांचा, दर्जा कमी करून काहीच साधत नाही. रॅमची एकच पट्टी असेल तर दुसरी लावावी: डीडीआर४-३२०० ची बँडविड्थ सेकंदाला २५.६ जीबीवरून ५१.२ जीबी होते, आणि लहान कॅशच्या प्रोसेसरला त्याचा लाभ जास्त. प्रोसेसरला सातत्याने झेपेल अशा आकड्यावर फ्रेम रेट बांधला तर आकडा कमी दिसतो पण खेळ नितळ होतो. फ्रेम जनरेशन मधल्या फ्रेम कार्डावरच तयार करते, त्यामुळे प्रोसेसर अडलेला असतानाही दिसणाऱ्या फ्रेम वाढतात. माउसला मिळणारा प्रतिसाद मात्र खऱ्या फ्रेमच्याच वेगाने येतो.

एवढे करूनही भागत नसेल तर प्रोसेसर बदलणे आले, आणि त्यासाठी दर वेळी मदरबोर्ड बदलावा लागतोच असे नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरचे २०१७ चे अनेक बोर्ड बायॉस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर ५८००एक्स३डी स्वीकारतात. पहिल्या पिढीचा स्वस्त रायझन काढून त्याच जागी तो बसवला, तर जुन्या कार्डातही दडून राहिलेल्या फ्रेम बाहेर येतात.