बिऱ्हाड (कादंबरीतील आशयसूत्र)

बिऱ्हाड : दुसऱ्याच्या जागेत मांडलेला संसार. संसार करणारी माणसे, त्यांची भांडीकुंडी आणि ती जागा, सारे या एकाच शब्दात येते. घर बांधतात किंवा विकत घेतात. बिऱ्हाड करतात, हलवतात, मोडतात. चाळीचा आकार सांगतानाही खोल्या मोजत नाहीत, ‘वीस बिऱ्हाडांची चाळ’ म्हणतात. कुटुंब, मैत्री आणि ‘आपण नेमके कुठले’ या प्रश्नाभोवती फिरणारी आजची कादंबरी वाचताना हा जुना शब्द फार उपयोगी पडतो. ती ठाण्यात किंवा नवी मुंबईत घडणारी असेल तर अधिकच. कारण मालक कोण आणि बिऱ्हाडकरू कोण, हे नाते या दोन शहरांत पुनःपुन्हा उलटेपालटे झाले आहे.

या आशयसूत्राची मुळे मुंबईच्या चाळीत आहेत. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ने (१९६५) घराबाहेरच्या नाक्यालाच पोरांचे दुसरे घर केले. किरण नगरकर यांच्या ‘रावण अँड एडी’ (१९९५) या इंग्रजी कादंबरीत एकाच चाळीत, वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारी एक हिंदू आणि एक कॅथलिक अशी दोन कुटुंबे आहेत. वरून पडणाऱ्या तान्ह्या रावणला झेलताना एडीचा बाप मरतो आणि दोन बिऱ्हाडे कायमची एकमेकांत अडकतात. शेजार निवडता येत नाही, हे याहून नेमके सांगणे अवघड आहे.

ठाणे मुंबईला जोडले गेले ते १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून पहिली आगगाडी आली तेव्हा. तरी पुढची शंभर वर्षे ते तळ्यांचे, वाड्यांचे, निवांत गाव राहिले. १८९३ मध्ये इथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, म्हणजे वाचणारा वर्ग आधीपासून होता. स्वातंत्र्यानंतर वागळे इस्टेटमध्ये कारखाने आले आणि कोकणातून, घाटावरून नोकरीसाठी आलेल्यांची बिऱ्हाडे नौपाडा, पाचपाखाडी, कोपरीकडे पडली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालक डागडुजी करीना, भाडेकरू जागा सोडीना. दोघेही त्याच वास्तूत, एकमेकांकडे न बघता राहू लागले. दोन पिढ्या चाललेला हा अबोला म्हणजे कादंबरीकाराला आयती मिळालेली गोष्ट.

मात्र या काळाविषयीच्या लेखनात एक खोट वारंवार आढळते. शेजारून आणलेली वाटीभर साखर, सताड उघडी दारे, गॅलरीतल्या गप्पा हे तपशील आता इतके झिजले आहेत की त्यांतून कोणाचाच चेहरा दिसत नाही. उघड्या दाराची दुसरी बाजू म्हणजे सामायिक नळावरची पहाटेची भांडणे आणि नवऱ्याशी बोलायलाही आडोसा नसलेली सून. गावाहून औषधपाण्यासाठी आलेला दीर महिनोन्‌महिने राही. त्याचे जेवण, त्याचे कपडे कोण सांभाळी, हे गॅलरीतल्या गप्पांत येत नसे. चांगली कादंबरी बाईच्या या कष्टांचा हिशेब ठेवते. उरलेल्या कादंबऱ्या चाळीवर हळवा लेख लिहून मोकळ्या होतात.

नवी मुंबईत प्रश्न मुळातच उलटा आहे. १९७० मध्ये सिडको या सरकारी नगरनियोजन महामंडळाची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या भातशेतीवर, मिठागरांवर नवे शहर आखले गेले. इथे बाहेरून आलेल्याला सेक्टरचा क्रमांक आणि सदनिकेची किल्ली मिळाली. आगरी, कोळी, कराडी कुटुंबे मात्र पिढीजात गावात ‘प्रकल्पग्रस्त’ ठरली. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील, जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जणांचा बळी गेला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेमागे हाच लढा आहे. त्यामुळे इथली कौटुंबिक गोष्ट ‘आम्ही इथे कसे आलो’ या प्रश्नावर संपत नाही. गावठाणातल्या आजीला ‘आम्ही तर इथेच होतो’ असे म्हणायचे असते, आणि तेही आगरीत. सेक्टरमधल्या फ्लॅटची गोष्ट भरपूर लिहिली गेली. रस्त्यापलीकडच्या गावठाणाची त्या मानाने फार थोडी. वाशीच्या बाजारात ओझी वाहणाऱ्या सातारा-सांगलीच्या माथाडी कामगाराचे तिसरेच: कोपरखैरणेत खोली झाली तरी यात्रा गावची, देव गावचा.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात शेजारच आखून दिला. साधारण आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती सात घरे आणि एकालाही शेजाऱ्याची भिंत सामायिक नाही, म्हणजे ज्याला जसे जमेल तसे त्याने वाढवावे. लोकांनी वाढवले, पुष्कळांनी मूळ घर पाडून नवेच बांधले. अंगणे मात्र राहिली. सात कुटुंबे आणि एक अंगण एवढ्यावर एखादी कादंबरी सहज उभी राहील.

बंद दरवाजांच्या इमारतींत वाढलेल्या पात्रांची मैत्री बहुधा लोकलमध्ये जमते. १९९२ मध्ये वाशीला आणि २००४ मध्ये ठाणे-वाशी मार्गाला लोकल आली. रोजची ७:५२, ठरलेला डबा, कोणासाठी तरी धरून ठेवलेली जागा, दसऱ्याला डब्याला बांधलेले तोरण, बायकांच्या डब्यातले हळदीकुंकू. या मैत्रिणींना एकमेकींची दुखणीखुपणी, सासवा, कर्जाचे हप्ते ठाऊक असतात. घर कोणीच कोणाचे पाहिलेले नसते.

पुनर्विकासाने या सूत्राला अलीकडे आणखी एक वळण दिले आहे. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेला नौपाड्यातला फ्लॅट पाडायला काढला की मालक बिल्डरच्या भाड्यावर घोडबंदर रोडला तिसऱ्याच्या जागेत जातो. साठीनंतर पुन्हा बिऱ्हाड. निम्मे सामान खोक्यांतच राहते, देव्हारा स्वयंपाकघराच्या ओट्यावर येतो. शेजारी कळव्यापासून कासारवडवलीपर्यंत पांगलेले असतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाडलेल्या इमारतीच्या नावाखाली रोज सकाळी कोणीतरी विचारते, ‘पाणी आले का सगळ्यांकडे?’