सारखं माप, वेगळा आकार: आयकॉनमागची भूमिती

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या आडत्यासाठी मोबाइल अ‍ॅप करायचंय, असं धरू. तीन आयकॉन लागतील: पैशांसाठी गोल नाणं, मालासाठी चौकोनी खोकं, हिशेबासाठी उभी पट्टी. नाणं आणि खोकं दोन्ही २० बाय २० च्या चौकटीत कडेला टेकवून काढली, तर खोकं भरदार दिसतं आणि नाणं त्याच्या शेजारी बारकं. मापात मात्र काहीच चूक नसते.

कारण क्षेत्रफळात आहे. २० बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ ४००, तर २० व्यासाच्या वर्तुळाचं फक्त ३१४. कोपरे गेले, त्याबरोबर पाचव्या हिश्श्याहून जास्त रंग गेला. आकाराचा अंदाज घेताना डोळा नुसती रुंदी धरत नाही, भरलेली जागाही धरतो.

गूगलच्या मटेरियल डिझाइन या डिझाइन-नियमावलीतली आयकॉनची ग्रिड, म्हणजे आखणीची जाळी, यावर सरळ उपाय करते. चौकट २४ ची, चारही बाजूंना २ ची मोकळी जागा, आत उरतात २०. त्यात वर्तुळाचा व्यास २०, चौरसाची बाजू १८ आणि उभा आयत १६ बाय २०. आता क्षेत्रफळं काढा: ३१४, ३२४, ३२०. शाळेतल्या पोरालाही वहीत करून बघता येईल असा हा हिशेब, आणि मला तो फार देखणा वाटतो. चांगल्या डिझाइनमागे १.६१८ चं सुवर्ण गुणोत्तर असतं असं बरेचजण सांगतात, पण इथे ते कुठेच नाही. २० भागिले १६ म्हणजे १.२५. लोगोवर मागाहून सोनेरी वर्तुळं काढून दाखवणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही.

व्हिडिओच्या गोल प्ले बटणातला त्रिकोणही असाच फसवतो. रुंदीच्या मध्यावर ठेवला तर तो डावीकडे कललेला दिसतो, कारण त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून, म्हणजे इथे डाव्या उभ्या बाजूपासून, एक तृतीयांश उंचीवर असतो. म्हणून त्रिकोण उंचीच्या एक षष्ठांशाने उजवीकडे सरकवायचा. समभुज त्रिकोण असेल, तर मग त्याची तिन्ही टोकं गोलाच्या कडेपासून सारख्याच अंतरावर येतात.

कोपऱ्यांची गोष्ट जास्त नाजूक आहे. सरळ रेषेला वर्तुळाचा तुकडा जोडला, की जोडाच्या बिंदूवर वक्रता, म्हणजे रेषा किती वळते ते माप, शून्यावरून एकदम उडी घेते. मिरज जंक्शनहून निघालेला रूळ मुख्य मार्गावर असा कधीच वळवत नाहीत. सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये वक्रता हळूहळू वाढवत नेणारा तुकडा घालतात, नाहीतर डब्यातल्या माणसांना हिसका बसेल. अ‍ॅपलने २०१३ मध्ये आयफोनची आयओएस ७ ही प्रणाली आणताना आयकॉनचे कोपरे याच पद्धतीने मऊ केले.

या आकाराचं जवळचं भावंड फ्रेंच गणिती गाब्रिएल लामे यांच्या १८१८ मधल्या वक्रांत सापडतं. वर्तुळाच्या समीकरणात क्ष आणि य यांचा घात २ असतो. तो ४ केला, की वर्तुळ चौरसाकडे फुगतं. आणखी वाढवत नेला, की कोपरे टोकदार होत जातात. डेन्मार्कचे कवी आणि डिझायनर पीट हाइन यांनी स्टॉकहोमच्या सेर्गेल्स तोर्ग चौकासाठी घात निवडला २.५.