सुगारामुर्दी: घरांच्या नावांतून वाचायचं एक बास्क गाव

७ आणि ८ नोव्हेंबर १६१० या दोन दिवसांत स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहरात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायपीठाने, चेटकाच्या आरोपावरून अकरा जणांना जाळायची शिक्षा अमलात आणली. सहा जणांना जिवंत जाळलं. पाच जण तुरुंगातच मेले होते, त्यांचे पुतळे जाळले. आरोपींमधले बरेचसे सुगारामुर्दी आणि शेजारच्या उर्दासुबी या दोन बास्क गावांतले होते. बास्क म्हणजे स्पेन-फ्रान्स सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणारे, स्वतःची वेगळी भाषा असलेले लोक. खटल्याच्या कागदांत नावं येतात ती अशी: ग्रासियाना दे बारेनेचेआ, मारिया दे युरेतेगिया, एस्तेवानिया दे पेत्रिसान्सेना. ‘दे’नंतर जे येतं ते आपल्याला आडनाव वाटतं. ते घराचं नाव आहे. बारेनेचेआ म्हणजे ‘खालच्या टोकाचं घर’ आणि पेत्रिसान्सेना म्हणजे ‘पेत्री सान्सचं घर’. आरोपींची यादी पुढे ठेवली की चारशे वर्षांपूर्वीच्या गावातली घरं एकेक करून दिसायला लागतात.

सुगारामुर्दी नाफारोआ प्रांताच्या उत्तर टोकाला, फ्रान्सच्या सीमेला टेकून आहे. वस्ती दोनशेच्या थोडी वर. गाव पिरेनीज पर्वतरांगेच्या अटलांटिककडच्या उतारावर असल्याने इथले ओढे उत्तरेला वाहतात आणि निवेल नदीतून दोनिबाने लोहिसुने या बंदराशी समुद्राला मिळतात. पाऊस बाराही महिने पडतो, म्हणून कुरणं भर उन्हाळ्यातही हिरवी असतात. पावसाचा मारा पश्चिमेकडून येत असल्यामुळे या भागातल्या जुन्या घरांची दर्शनी बाजू पूर्वेकडे आणि पाठ पावसाकडे असते. पाठीची भिंत जवळजवळ आंधळी, खिडक्या अगदी थोड्या. खाली गोठा, वर माणसं, माळ्यावर गवत.

या घराला बास्क भाषेत ‘एचे’ म्हणतात, आणि इथल्या समाजाचं एकक कुटुंब नसून एचे आहे. घर आणि त्याची जमीन वाटली जात नसे. एकाच वारसाला सगळं मिळे, आणि तो वारस मुलगीही असू शके. बाकीची भावंडं बाहेर पडत: चर्चमध्ये, जहाजावर, पुढे अमेरिकेत. लग्न करून दुसऱ्या घरात गेलेला माणूस, बाई असो की पुरुष, त्या घराच्या नावाने ओळखला जाऊ लागे. चर्चच्या जमिनीतली थडग्याची जागासुद्धा घराची असे. तिथे मेणवात लावून मृतांचं स्मरण करायचं काम त्या घरच्या ‘एचेको आंद्रे’चं, म्हणजे घरधनिणीचं. माणसं बदलत गेली तरी नाव भिंतींना चिकटून राहिलं ते या व्यवस्थेमुळे. बास्क स्थलनावं इतकी जुनी का टिकली याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण आहे.

आता नाव फोडायचं कसं ते पाहू. आधी उच्चाराची गाठ सोडवायला हवी. बास्क लेखनात जे अक्षर इंग्रजी वाचणारा ‘झ’ म्हणेल त्याचा उच्चार ‘स’ होतो, म्हणून झुगारामुर्दी नव्हे, सुगारामुर्दी. खटल्याचे कारकून मात्र कास्तिलियन, म्हणजे स्पॅनिश, वळणाने लिहीत आणि कानाला लागेल तसं लिहीत. त्यामुळे एकाच घराचं नाव तीन कागदांत तीन तऱ्हांनी सापडतं. पहिलं काम म्हणून नावाची सगळी लेखी रूपं तारखेनुसार एकाखाली एक मांडायची, आणि शेजारी आज गावात त्याचा उच्चार कसा होतो ते लिहायचं. पुष्कळदा लिखाणाने बिघडवलेलं रूप तोंडी उच्चाराने सावरलेलं असतं.

मग नाव शेवटाकडून उलगडायचं. बास्कमध्ये मुख्य शब्द मागे आणि त्याला विशेष करणारा नामशब्द पुढे येतो, अगदी आपल्या ‘डोंगरवाट’सारखा. इतुरी म्हणजे झरा, बिदे म्हणजे वाट. इतुर्बिदे म्हणजे झऱ्याची वाट. (१८२२मध्ये मेक्सिकोचा सम्राट झालेल्या इतुर्बिदेचं आडनाव हेच.) विशेषण मात्र नामाच्या मागून येतं. एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं, म्हणून एचेबेरी म्हणजे नवं घर. मराठी माणूस इथे हमखास फसतो, कारण त्याला ‘घर-नवं’ असा क्रम अपेक्षितच नसतो. अगदी शेवटी ‘आ’ असेल तर तो बहुधा नुसता निश्चितता दाखवणारा प्रत्यय असतो. बारेन अधिक एचे अधिक आ, झालं बारेनेचेआ.

नावाच्या शेवटी येणारे चार-पाच तुकडे ओळखता आले तरी निम्मं काम होतं. ‘-एना’ म्हणजे अमक्याचं: मिचेलेना म्हणजे मिचेलचं घर. बास्क ध्वनिशास्त्राचा पाया घालणारे भाषाशास्त्रज्ञ कोल्दो मिचेलेना (१९१५–१९८७) यांचं आडनावही असंच घरावरून आलेलं. ‘-तेगी’ म्हणजे ठिकाण किंवा ठेवण्याची जागा. ग्रंथालयाला आजही ‘लिबुरुतेगी’ म्हणतात, आणि पाद्रीबाबाचं घर ते आपेस्तेगी. ‘-एता’ म्हणजे एखाद्या गोष्टीची विपुलता असलेली जागा आणि ‘-दी’ म्हणजे झाडांचा समूह, राई.

जोडताना शब्द झिजतात, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘न’ किंवा ‘ल’नंतर आलेला ‘त’ मऊ होऊन ‘द’ होतो. म्हणून युरेतेगीत ‘तेगी’ आहे, पण त्याच खटल्यातल्या सुबिल्देगी या नावात ‘देगी’. दोन्ही प्रत्यय एकच. हे माहीत नसलेला माणूस ‘देगी’चा अर्थ शब्दकोशात शोधत बसतो. पहिल्या शब्दाचा शेवटचा स्वरही गळतो: ‘हारी’ म्हणजे दगड, पण जोडशब्दात बहुतेकदा नुसतं ‘हार’ किंवा ‘आर’ उरतं.

एचेबेरी या नावाचा प्रवास तर गोव्यापर्यंत आला आहे. नाफारोआच्या पूर्व भागात एक कोट आहे. त्याचं बास्क नाव एचेबेरीच होतं. स्थानिक रोमान्स, म्हणजे लॅटिनमधून निघालेल्या, बोलीत त्याचा सुरुवातीचा स्वर गेला, ‘च’चा ‘श’ झाला, ‘ब’चा ‘व’ झाला आणि शावियेर उरलं. त्या कोटात १५०६ साली जन्मलेला फ्रान्सिस्को ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. गोंयकार ज्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि ज्याचे अवशेष जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेत आहेत, तो हाच संत फ्रान्सिस झेवियर. १८६९ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या पाटीवर अर्थाने ‘नवं घर’च लिहिलं आहे. झेवियरच्या आईचं घराणं अस्पिल्कुएता. या नावाचं गाव बास्तान खोऱ्यात आहे, सुगारामुर्दीहून ओत्सोंदो खिंड ओलांडली की पलीकडे. कोचीनहून १५४४ साली लिहिलेल्या पत्रात त्याने आपली स्वतःची भाषा बास्क असल्याचं सांगितलं आहे. त्या काळच्या स्पेनमध्ये या भाषेला ‘बिस्काईना’ म्हणत, त्याने तोच शब्द वापरला.

गावाच्या नावाकडे वळू. तोंडाशी ‘सुगार’ आहे, म्हणजे एल्म वृक्ष, आणि शेवटी राई सांगणारा ‘-दी’. मधल्या तुकड्याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. एल्मचं म्हणाल, तर विसाव्या शतकात सालकिड्यांनी पसरवलेल्या एका बुरशीच्या रोगाने युरोपभरचे एल्म वठले. झाड जातं आणि गावाच्या पाटीवर नाव राहतं, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ जुन्या जंगलांचा अंदाज घ्यायला अशी नावं तपासतात. हारित्स म्हणजे ओक, लिसार म्हणजे अ‍ॅश, गास्तैन म्हणजे चेस्टनट. आज तिथे नुसतं कुरण असलं तरी नावाने साक्ष दिलेली असते.

गावाबाहेर चालत काही मिनिटांवर गुहा आहे. इथला खडक चुनखडक. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि चुनखडक विरघळवत जातं. एका ओढ्याने असं करत करत डोंगर आरपार पोखरला. सुमारे १२० मीटर लांब आणि १० ते १२ मीटर उंच असा हा दोन्ही तोंडं उघडी असलेला बोगदा आहे. तळातून ओढा आजही वाहतो. त्याचं नाव इन्फेर्नुको एरेका. एरेका म्हणजे ओढा, ‘-को’ म्हणजे चा, आणि इन्फेर्नु हा लॅटिनमधून आलेला ‘नरक’. ऐकून दचकायला होतं खरं, पण खोल, अंधाऱ्या, पाण्याचा घुमणारा आवाज असलेल्या घळींना हे नाव इतरत्रही मिळालं आहे. बास्तानमध्ये अशाच एका घळीत इन्फेर्नुको एरोता नावाची साधी पाणचक्की आहे.

गुहेजवळ जुनी चुन्याची भट्टीही आहे. सततच्या पावसाने इथल्या मातीतला चुना धुपून जातो आणि जमीन आंबट होते. मका, गहू, चांगलं गवत काही हवं असेल तर चुना घालावाच लागे. भट्टी भरताना तळाशी मोठ्या दगडांची कमान रचायची, वर चुनखडीचे तुकडे मोकळे भरायचे, आणि कमानीखाली काटक्या-झुडपांचा जाळ काही दिवस अखंड ठेवायचा. आतलं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास टिकलं तर १०० किलो शुद्ध चुनखडीतून ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ५६ किलो कळीचा चुना हाती येतो. जाळ मध्येच पडला तर दगडाचा गाभा कच्चा राहतो आणि पाणी टाकलं तरी फुटत नाही. काढायच्या आधी पाऊस शिरला तर चुना भट्टीतच फुलतो आणि सगळी मेहनत वाया. रात्रंदिवस धूर आणि उजेड ओकणाऱ्या अशा भट्ट्या या खोऱ्यांतल्या शेतीचा रोजचा भाग होत्या.

आता ‘आकेलारे’. स्पॅनिशमध्ये हा शब्द चेटकिणींच्या मेळाव्यासाठी रूढ झाला, तो याच खटल्यामुळे. फोडून पाहा: आकेर म्हणजे बोकड, लारे म्हणजे कुरण, जोडताना ‘र’ गळला. बोकडाचं कुरण. जनावरांवर जगणाऱ्या गावात याहून साधं नाव शोधून सापडणार नाही. न्यायाधीशांनी मात्र बोकड म्हणजे सैतान असा अर्थ पक्का केला, आणि कुरणाचं नाव गुन्ह्याचं नाव झालं. नाव चुकीचं वाचलं की काय होतं याचा दुसरा, निरुपद्रवी नमुना गावाजवळच आहे. ९०५ मीटर उंचीच्या लारुन डोंगराचं नाव याच ‘लारे’शी जोडलं जातं. फ्रेंच कानांनी त्यातला ‘ला’ हा आपला प्रत्यय समजून वेगळा काढला, आणि फ्रेंच नकाशावर तो ‘ला रून’ झाला.

खटल्याची सुरुवात १६०८च्या अखेरीस झाली. सीमेपलीकडे सिबुरू गावात राहून आलेल्या एका तरुणीने आपण तिकडे मेळाव्याला जात होतो असं सांगितलं आणि गावातल्या बायकांची नावं घेतली. गावाने आपल्या पद्धतीने प्रकरण मिटवलंही होतं. नाव आलेल्यांनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर क्षमा मागितली होती. पण बातमी लोग्रोन्योला पोचली, आणि पुढे १६१०ची ती चिता.

तिथल्या तीन न्यायाधीशांपैकी आलोन्सो दे सालासार याला निकालानंतर स्वस्थ बसवेना. मे १६११मध्ये माफीचा हुकूम घेऊन तो खोऱ्याखोऱ्यांतून निघाला आणि आठ महिने फिरला. १,८०२ जणांनी त्याच्यापुढे जबान्या दिल्या. त्यांतली १,३८४ लहान मुलं होती. त्याने केलेली तपासणी मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण त्याने प्रश्न श्रद्धेचा न ठेवता जागेचा केला. मेळाव्याच्या म्हणून सांगितलेल्या नऊ जागा त्याने निवडल्या, ३६ साक्षीदारांना एकेकट्याने विचारलं: जागा नेमकी कुठली, आलात कुठल्या वाटेने, बसलात कुठे, गेलात कसे? आपसात बोलायची संधी ठेवली नाही. नऊपैकी फक्त दोन ठिकाणच्या जबान्या एकमेकींशी जुळल्या. सेंट जॉनच्या रात्री, म्हणजे २३ जूनच्या सणाच्या रात्री, जिथे मेळावा भरणार असं सांगितलं होतं, तिथे त्याने आपले चिटणीस पाठवले. त्यांना कोणीही दिसलं नाही. उडण्याचं म्हणून दिलेलं मलम त्याने वैद्यांना दाखवलं, जनावरांवर लावून पाहिलं. काही झालं नाही. अशा मलमाची २२ मडकी गोळा झाली होती, सगळी बनावट निघाली. या गोष्टी बोलल्या-लिहिल्या जाईपर्यंत इथे ना चेटकीण होती ना चेटूक झालेलं कोणी, असं त्याने वरिष्ठांना कळवलं.

ऑगस्ट १६१४मध्ये माद्रिदच्या सर्वोच्च मंडळाने त्याच्या मतांवर आधारलेले नवे नियम पाठवले. लोग्रोन्योच्या न्यायपीठाने त्यानंतर चेटकासाठी कोणालाही जाळलं नाही. आज दर वर्षी १८ ऑगस्टला गावकरी त्याच गुहेत लांब बाकं मांडून ‘सिकिरो यातेआ’ करतात. सिकिरो म्हणजे खच्ची केलेला मेंढा, यातेआ म्हणजे खाणं. खुंट्यांवर टोचलेलं मांस विस्तवाभोवती उभं करून भाजतात, आणि खालून इन्फेर्नुको एरेका वाहत असतो.